विठाबाईंचा फड आणि गावाचा हिशेब

राजुरीच्या आमच्या जुन्या घराची आवराआवर करिताना माळ्यावरील पत्र्याच्या एका पेटीत जत्रेच्या जमाखर्चाची वही हाती लागली. आमचे आजोबा काही वर्षे यात्रेचा हिशेब ठेवीत असत. घरटी किती पट्टी जमली, कोणाकडे बाकी राहिली, कोणी रोख न देता ज्वारीची पायली दिली, हे सारे त्यांनी मोडी वळणाच्या अक्षरात निगुतीने टिपून ठेविले आहे. खर्चाच्या बाजूस कीर्तनकारबुवांचे नाव 'ह. भ. प.' या उपाधीसह व त्यांच्या गावासह आहे. कुस्त्यांच्या आखाड्यात इनाम मिळविणाऱ्या मल्लांची नावे आहेत. शोभेच्या दारूवाल्याचे नाव आहे. बैलगाड्यांच्या शर्यतीत घाट पहिल्याने चढून जाणाऱ्या गाड्याच्या मालकाचे तर आहेच, परंतु एके ठिकाणी चक्क बैलाचेही नाव आहे. आणि या सर्वांच्या खाली, त्या त्या वर्षाच्या खर्चातील सर्वांत मोठ्या रकमेसमोर, एकच शब्द आहे : 'तमाशा'. कोणाचा तमाशा, कोणत्या गावचा फड, कोण नाचले, कोणी गायिले, याचा कोठे मागमूस नाही.

आजोबांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ते सरळ मनाचे गृहस्थ होते, आणि तमाशाची रक्कम लिहिताना त्यांचा हात थोडा आखडला असल्यास तो त्यांच्या काळाचा व आमच्या वर्गाचा दोष होय. परंतु ज्याचे सारे आयुष्य इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात गेले, शेक्सपिअरच्या मंडळीतील दुय्यम नटांचीही नावे ज्याने विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली, त्याला आपल्याच गावाच्या वहीतील ही रिकामी जागा टोचल्यावाचून कशी राहील? ती भरून काढण्याचे साधन या वहीत नाही. मात्र ज्या एका नावामुळे या पंचक्रोशीतील तमाशा साऱ्या महाराष्ट्रात गाजला, त्या नावाची हकीकत उपलब्ध आहे. आणि तिच्याकडे पाहण्याची आपली रीत काहीशी सदोष आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

राजुरी हे गाव आळ्याच्या पूर्वेस बेल्ह्याच्या वाटेवर आहे. आळे म्हणजे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले त्या रेड्याच्या समाधीचे गाव, आणि बेल्हे म्हणजे सोमवारच्या बाजाराचे. आळेफाट्यावरून पुण्याच्या दिशेस वळले की थोड्याच वेळात नारायणगाव लागते. या गावाला लोक तमाशाची पंढरी म्हणतात. होळी झाली की पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेस राहुट्या उभ्या राहतात. प्रत्येक राहुटीवर एकेका फडाचा फलक, आत एक टेबल, चार खुर्च्या, मुनीम, आणि जत्रांच्या तिथींची वही. गावोगावचे पंच येतात, राहुटीराहुटीतून हिंडतात, घासाघीस करतात आणि एका फडाची सुपारी देऊन परततात. दसऱ्यास सुरू होणारा हंगाम वैशाखात संपतो खरा. परंतु फडमालकाचे वर्ष तरणार की बुडणार हे ठरते ते चैत्रात. कारण जुन्नर, आंबेगाव, खेड, पारनेर, संगमनेर, अकोले या साऱ्या मुलखातील ग्रामदैवतांच्या यात्रा पाडव्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंतच्या दिवसांत एकापाठोपाठ एक येतात. एवढी गावे आणि इतक्या जवळजवळच्या तिथी एका मोठ्या रस्त्याने जोडलेल्या अन्यत्र क्वचितच सापडतील. शिवाय कुकडी प्रकल्पाची धरणे झाल्यावर पाट आले, पाटाबरोबर द्राक्षे, टोमॅटो व कांदा आला, आणि सुपारीच्या रकमेस बळ आले. कलेच्या राजधान्या सरस्वतीच्या कृपेने वसतात असे आपण म्हणतो. वाहतुकीचा रस्ता आणि शेतमालाचा भाव यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

तमाशा या भागात नवा नव्हे. अनंत फंदी (१७४४-१८१९) हा शेजारच्या संगमनेरचाच. अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केल्यावर त्याने डफ-तुणतुणे सोडून कीर्तनाची वाट धरिली, अशी आख्यायिका आहे. रामजोशी (१७६२-१८१३) हाही शेवटी कीर्तनाकडेच वळला. हे दोघेही ब्राह्मण होते, हे येथे विसरता कामा नये. तमाशातून कीर्तनात जाण्याचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडा होता. ज्यांच्या घरी हलगी आणि डफ हे गावकीचे वंशपरंपरागत काम म्हणून आले, त्यांच्यासाठी असा कोणताही दरवाजा नव्हता. १८६५ च्या सुमारास उमा सावळजकराने 'मोहना बटाव' हा वग उभा केला. मराठीतील तो पहिला वग मानला जातो. आणि हा उमा मातंग समाजातील होता. पुढे रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६-१९४५) कुळकर्ण सोडून फडात शिरले आणि पठ्ठे बापूराव झाले. हिवरगावची पवळा त्यांच्या फडात आली, आणि नाच्या पोऱ्याने स्त्रीची भूमिका करावी ही जुनी रीत मागे पडू लागली. पवळा महार समाजातील. बापूराव तिच्या संगतीने जातीबाहेर झाले. त्याबद्दल त्यांच्या धैर्याचे आपण गोडवे गातो. पवळेने काय सोसले याविषयी मात्र फारसे कोणी लिहिले नाही. ती १९३९ साली वारली.

त्याच सुमारास नारायणगावच्या नारायण खुडे यांनी उभारलेला फड त्यांचे मुलगे भाऊ आणि बापू चालवीत होते. 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावाने तो ओळखला जाई. फड पंढरपुरात असता १९३५ च्या जुलै महिन्यात भाऊंना मुलगी झाली. विठ्ठलाच्या गावी जन्मली म्हणून ती विठा. शाळेत तिचे मन रमले नाही आणि गाण्यानाचण्याचे पद्धतशीर शिक्षण तिने कोणा गुरूपाशी घेतले नाही. त्याची आवश्यकताही नव्हती. ज्या मुलीच्या पाळण्याशेजारी ढोलकीला शाई लागत होती आणि झोपेत जिच्या कानावर गवळणी, भेदिक आणि लावण्या पडत होत्या, तिला ताल शिकवावयाचा म्हणजे माशाच्या पिलाला पोहणे शिकविण्यासारखे होते.

विठा बारा-तेरा वर्षांची असताना तमाशाच्या इतिहासात एक मोठी उलथापालथ झाली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. मग १९४८ साली महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमण्यात आली, आणि तमाशाने संहिता तपासून घेऊन सभ्य व्हावे असे ठरले. पोतदारांची विद्वत्ता व सद्हेतू यांविषयी शंका नाही. परंतु ज्या कलेची संहिता कागदावर कधी नव्हतीच, जिचे संवाद सोंगाड्या समोरच्या पाटलाच्या फेट्याकडे पाहून ऐनवेळी रचीत असे, तिला कागद आणावयास सांगणे म्हणजे ओढ्याला घडी घालण्यास सांगण्यासारखे होते. फडांनी कागद आणले. रात्री बोलावयाचे ते बोललेच.

याच काळात शहरातील मध्यमवर्गाला लावणीचा लळा लागला, ही गमतीची गोष्ट आहे. १९४७ चा 'लोकशाहीर रामजोशी', १९५९ चा 'सांगत्ये ऐका', १९७२ चा 'पिंजरा' हे चित्रपट सहकुटुंब पाहिले गेले. 'सांगत्ये ऐका' तर पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला. सुलोचना चव्हाण (१९३३-२०२२) यांच्या कंठातून लावणी आकाशवाणीमार्फत माजघरापर्यंत पोहोचली. डोक्यावर पदर घेऊन गाणाऱ्या या थोर गायिकेचा फडाशी संबंध नव्हता, आणि तो नव्हता म्हणूनच माजघराचे दार उघडले. विठाबाई त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान. पहिल्या बाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली, ती योग्यच होती. परंतु लावणी आपल्याला आवडली ती गाणारीचे बिऱ्हाड दिसत नव्हते तोवरच, हे आपण कबूल करावे.

आता विठाबाईंच्या नावाकडे पाहू. फडाच्या फलकावर ते पूर्ण लिहिले जाई : 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर'. इतिहासाच्या विद्यार्थ्यास हे नाव म्हणजे एक लहानसा शिलालेखच वाटावा. यात स्वतःचे नाव आहे, बापाचे आहे, जातीचे आहे आणि गावाचे आहे, नवऱ्याचे नाही. ज्या काळी आमच्या घरांतील सुशिक्षित स्त्रियाही पत्राखाली 'सौ.' लिहून नवऱ्याच्या नावामागे उभ्या राहत, त्या काळी ही बाई हातभर उंचीच्या अक्षरांत स्वतःच्या नावाने गावात शिरत होती. आणि ज्या जातीचा उच्चार गावात शिवीसारखा होई, ती जात तिने फलकावर तशीच ठेविली. आजोबांच्या वहीत न मावलेले नाव ते हेच. असे नाव पुरे लिहावयाचे म्हटले की गावाला पुष्कळच मान्य करावे लागते.

परंतु या नावाला दुसरी बाजू आहे. पवळेच्या पिढीपर्यंत स्त्री फडाचे आकर्षण असली तरी फड पुरुषाचा असे. विठाबाईंच्या पिढीत स्त्री फडाची मालकीण झाली. हे स्थित्यंतर तमाशाच्या इतिहासात पहिल्या वगाइतकेच महत्त्वाचे आहे; पण त्याचा अर्थ नीट उमजावयाचा तर फडाचा व्यवहार ठाऊक हवा. पावसाळ्यात फड बसून असतो. त्या चार महिन्यांत नर्तकी, ढोलकीवाला, सोंगाड्या, सुरत्ये, वाढपी, गाडीवान या साऱ्यांना जगावयाचे असते. त्यासाठी ते मालकाकडून उचल घेतात आणि पुढचा हंगाम त्याच फडात काढण्यास बांधले जातात. मालकाजवळ तरी एवढा पैसा कोठून असणार? तो सावकाराकडून घेतो, आणि हंगामातील सुपाऱ्यांवर ते कर्ज फेडतो. चैत्रात अवकाळी पाऊस आला, एखाद्या गावी मारामारी होऊन खेळ मोडला, गाडी वाटेत बंद पडून सुपारी हुकली, की कर्जाचा डोंगर पुढच्या वर्षावर सरकतो. म्हणजे फलकावर जिचे नाव, कर्जरोख्यावरही तिचेच नाव. बाई मालकीण झाली म्हणजे स्वतंत्र झाली असे आम्हां पुस्तकी माणसांस वाटते. ती स्वतंत्र झालीही. परंतु पन्नास-शंभर माणसांच्या पोटाची जामीनही झाली.

ढोलकी-फडाच्या तमाशाची रात्र ज्यांनी पाहिली नाही त्यांना या कामाची कल्पना येणे कठीण आहे. संगीतबारीत बैठकीची लावणी असते, मोजके रसिक असतात, चार भिंती असतात. फडाचा खेळ उघड्या रानात, नांगरून सपाट केलेल्या वावरात होतो. समोर पाचपाच हजार माणूस धुरळ्यात बसलेले. प्रथम गण, मग गवळण, त्यात मावशीचे थट्टामस्करीचे बोलणे, मग रंगबाजी, मग बतावणी, आणि मध्यरात्र उलटल्यावर वग. तो पहाटेपर्यंत चालावयाचा. तीच बाई लावणीत नाचते, वगात राणी किंवा वीरपत्नी होऊन रडते-लढते, आणि मध्येच दौलतजादा करणाऱ्याचे नाव रंगमंचावरून पुकारते. नोट देणाऱ्याचे नाव तिने साऱ्या गावासमोर घ्यावयाचे, असा शिरस्ता. गाव तिचे नाव वहीत लिहीत नाही. गावातील एकेकाचे नाव मात्र ती लाऊडस्पीकरवरून घेते. उजाडले की सुटका झाली असे नाही. जत्रेच्या गावी दुसऱ्या दिवशी पुन्हा 'हजेरी'चा कार्यक्रम द्यावा लागतो. तो झाला की सामान गाडीत, माणसे सामानावर, आणि रात्री दुसऱ्या गावची वेस. असा दिनक्रम महिनोन्‌महिने.

राजुरीतील लहानपणीची एक आठवण येथे नोंदवितो. तमाशाच्या रात्री घरातील पुरुष वावराकडे जात. बायका अंगणात, दिवा मालवून, बसून राहत. दिसत काहीच नसे. वाऱ्याबरोबर ढोलकीचा आवाज येई, मध्येच झीलकऱ्यांचा 'जी जी' येई, मध्येच बाईचा तार स्वर उठून पुन्हा बुडे. आमच्या आईला आवाजावरून सांगता येई की गवळण संपली, आता रंगबाजी लागली, आता वग सुरू झाला. तिने आयुष्यात एकही तमाशा पाहिला नव्हता. आज वाटते, त्या रात्री गावात दोन स्त्रिया जागत होत्या. एक गात होती, दुसरी अंधारात ऐकत होती, आणि त्यांची गाठ पडू नये याची सर्व व्यवस्था आम्ही केली होती.

विठाबाईंविषयी कोणासही विचारा, तो प्रथम एकच हकीकत सांगेल. नऊ महिने भरलेले असताना त्या रंगमंचावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, कनातीमागे बाळंत झाल्या, नाळ दगडाने ठेचून तोडली आणि पदर खोचून पुन्हा रंगमंचावर आल्या. पोट सपाट झालेले पाहून प्रेक्षकांच्या ध्यानात काय झाले ते आले, लोक थक्क झाले, आणि आता विश्रांती घ्या म्हणून त्यांनीच विनविले. ही हकीकत सभांतून सांगितली जाते, लेखांतून छापली जाते, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणून संपते. कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून ती पाठ्यपुस्तकात शोभेल अशी आपण तिला करून टाकली आहे.

प्रस्तुत लेखकाचा मतभेद आहे तो येथेच. हकीकत खोटी आहे असे म्हणावयाचे नाही. विठाबाईंचे धैर्य असामान्य होते यातही वाद नाही. परंतु ऐतिहासिक पुरावा म्हणून ती वाचली तर तिच्यातून निराळेच प्रश्न निघतात. नऊ महिने भरलेली स्त्री त्या रात्री नाचत होती ती का? कारण पंचांनी सुपारी दिली होती ती फलकावरील नावाला. ते नाव आले नाही तर खेळ मोडतो, बिदागी बुडते, आणि खवळलेल्या जमावाच्या धोंड्यांनी तंबूची काय अवस्था होते हे फडातील पोराटोरांसही ठाऊक असते. तिच्या जागी दुसरी का उभी राहिली नाही? कारण तिच्या जागी उभी राहील अशी दुसरी नव्हती. लोक पाहावयास येत ते तिलाच. नाळ तोडावयास दगड का? सुईण नव्हती, पाते नव्हते, गावचा दवाखाना असलाच तर रात्री त्याचे दार फडातल्या बाईस उघडेल याची शाश्वती नव्हती. आणि त्या परत रंगमंचावर का आल्या? वग अजून बाकी होता. ज्या मुलखातील शेतकरी गाभण गाईला औताला जुंपीत नाही, त्याच मुलखात हे घडले, आणि आपण त्याला कलानिष्ठा म्हणून मोकळे झालो. अशी हकीकत सांगून टाळ्या घेणाऱ्याने एकदा तरी विचारावे की त्या मुलाला दुसऱ्या दिवशी गाडीतील सामानाच्या कोणत्या बाजूस निजविले असेल.

येथे मला दूरदेशीचे एक उदाहरण आठवते. अमेरिकेत ग्रामीण संगीताची, ज्याला तेथे 'कंट्री' म्हणतात त्याची, मोठी परंपरा आहे. तेथील लोरेटा लिन ही गायिका १९३२ साली केंटकीच्या डोंगराळ मुलखात एका कोळसा-खाणकामगाराच्या झोपडीत जन्मली. पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या सुमारास चार मुलांची आई. गाणे शिकविणारा कोणी गुरू नाही. १९६० साली तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, १९७० साली 'खाणकामगाराची मुलगी' या अर्थाच्या नावाचे गाणे गाजले, त्याच नावाने १९७६ मध्ये आत्मचरित्र आणि १९८० मध्ये चित्रपट निघाला, २०१३ मध्ये त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी सर्वोच्च नागरी पदक दिले. २०२२ साली ती आपल्या स्वतःच्या विस्तीर्ण मळ्यावर वारली. विठाबाई तिच्याहून तीन वर्षांनी लहान. दारिद्र्य तेच, शिक्षणाचा अभाव तोच, मुले सांभाळून गावोगाव हिंडणे तेच, आणि बापाच्या धंद्याचे नाव अभिमानाने मिरविणेही तेच.

मग फरक कोठे पडला? वर्णभेदाने पोळलेल्या त्या देशात लोरेटा गोऱ्यांपैकी होती, ही गोष्ट आधी मोजली पाहिजे. आमच्या विठाबाईंच्या नावात जे चार शब्द आहेत त्यांतील तिसऱ्याचे ओझे तिच्यावर नव्हते. दुसरा फरक यंत्राचा व कायद्याचा. नॅशव्हिल शहरात १९२५ पासून दर आठवड्यास ग्रामीण गाण्यांचा कार्यक्रम नभोवाणीवर चालत आला. तो सुरू करणारे केंद्र एका विमा कंपनीच्या मालकीचे होते. (खेडुतांनी गाणी ऐकावी आणि विमा उतरावा, हा हिशेब. आमच्याकडे गाणे होते, खेडूत होते. विमा तेवढा गाणारीचाही नव्हता.) लोरेटाने रचलेले गाणे तबकडीवर उतरले की ती एक मालमत्ता होई. तिच्या हक्कांसाठी तिला प्रकाशकांशी न्यायालयात झगडावेही लागले, पण झगडावयास काही हक्क होता. विठाबाईंची रात्र पहाटे संपली की संपली. ती पुन्हा विकता येत नसे. पुन्हा पैसा हवा तर पुन्हा नाचावयास हवे, आजारात, म्हातारपणात, आणि कनातीमागे बाळंत होऊनही.

सन्मान त्यांना मिळाले नाहीत असे नाही. १९५७ साली, अवघ्या बावीस वर्षांच्या असताना, राष्ट्रपतिपदक. पुन्हा १९९० साली राष्ट्रपतिपदक. तमाशासम्राज्ञी ही पदवी लोकांनीच दिली होती. योगीराज बागूल यांनी 'तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा' हे चरित्र लिहून मोठे काम केले आहे. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड गाजविला. परंतु वय झाले, पाय थकले, आणि ज्या शरीरावर सारा व्यवहार उभा होता ते शरीर उतरणीस लागल्यावर विठाबाईंपाशी पदकांवाचून फारसे काही उरले नाही. अखेरचे दिवस हालात गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्या वारल्या, आणि त्यांच्या रुग्णालयाचे बिल काही दात्यांच्या देणग्यांतून भागविण्यात आले. चार वर्षांनी, २००६ साली, महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कांताबाई सातारकर यांना तो मिळाला, पुढे मंगलाताईंनाही मिळाला. आईच्या नावाचा पुरस्कार मुलीने घ्यावा, असे प्रसंग आपल्याकडे संगीताच्या घराण्यांत घडले असते तर त्यावर विशेषांक निघाले असते.

नारायणगावच्या राहुट्या आजही उभ्या राहतात. २०२० आणि २०२१ या दोन सालांत महामारीमुळे यात्रा बंद होत्या, तेव्हा उचल घेतलेल्या कलावंतांनी आणि कर्ज काढलेल्या मालकांनी कसे दिवस काढले ते त्यांचे त्यांनाच माहीत. त्यानंतरच्या एका चैत्रात आमच्या भागातील काही पंचमंडळींबरोबर मीही एका राहुटीत जाऊन बसलो होतो. मुनिमाने चहा सांगितला. रकमेवर बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी आकडा ठरला, निम्मी रक्कम आता, निम्मी ढोलकीवर थाप पडण्यापूर्वी. मुनीम कागद लिहू लागला : गावाचे नाव, तिथी, खेळ रात्रीचा, हजेरी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. लिहून झाल्यावर त्याने कागद पंचांपुढे सरकविला. आमच्यातील एका वयस्कर पंचाने चष्मा लावून तो सावकाश वाचला आणि परत केला. म्हणाला, "सगळं बरोबर आहे. फक्त एक कलम घाला. बाई स्वतः उभ्या राहतील, आजारी-बिजारी चालणार नाही."

मुनिमाने मान डोलावली आणि ते कलम लिहिले.